छोटं चाक, मोठी फ्रेम आणि पंक्चरवाल्याचा हिशोब

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी मराठीच्या तासाला ‘माझे वडील’ हा विषय निबंधाला दिला होता. एका मुलानं पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘माझे वडील व्यावसायिक आहेत.’ पुढं दीड पान मजकूर होता, पण व्यवसाय कोणता ते कुठंच नव्हतं. मला ते माहीत होतं. त्याचे वडील स्टँडजवळ सायकल-मोटारसायकलींचं पंक्चर काढतात. माझ्या गाडीचंही तेच काढतात. वही परत देताना मी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तर म्हणाला, “सर, लिखता तो सब हँसते.”

कोण हसतात आणि का हसतात, हे विचारायची गरज नव्हती. ‘पंक्चरवाला’ हे आता नुसतं धंद्याचं नाव राहिलेलं नाही. मोबाइलवरच्या कुठल्याही वादात समोरच्या मुसलमानाला गप्प करायचं असलं की हा शब्द फेकला जातो. मग तो माणूस डॉक्टर असो, वकील असो की माझ्यासारखा बी.एड. झालेला मास्तर. शब्द ऐकून आपणही घाईघाईनं आपल्या पदव्या सांगू लागतो. त्या घाईत आपण नकळत कबूल करतो की पंक्चर काढणं ही लाजेची गोष्ट आहे. हा लेख त्या घाईबद्दल आहे, पण त्यासाठी आधी सायकलच्या चाकाबद्दल बोलावं लागेल.

निबंधानंतर महिन्याभरात तोच मुलगा कोपराला पट्टी बांधून शाळेत आला. घरी डिस्क ब्रेकवाल्या एका जुन्या २६ इंची सायकलची फ्रेम पडलेली होती. त्यानं तिला भंगारातल्या लहान मुलांच्या सायकलीची २० इंची चाकं बसवली. मोबाइलवर मागच्या चाकावर उभं राहून ओट्यावर, पायऱ्यांवर उड्या मारणारी मुलं त्यानं पाहिली होती. त्यांची चाकं लहान असतात, हेही त्यानं बरोबर हेरलं होतं. लहान चाक हलकं असतं, चटकन उचलतं, चटकन फिरतं. चाकं बसली, फिरली, ब्रेकही लागले. ईदगाहच्या मैदानावर पहिल्याच वळणावर सायकल थोडी कलली, आतलं पॅडल जमिनीत रुतलं आणि पोरगा उडून पडला.

माझं पंक्चर काढत असताना त्याच्या वडिलांनी मला ही हकिगत सांगितली. ते पोराला रागावले नव्हते. त्यांनी स्टीलचा टेप घेतला होता, जमिनीपासून क्रँकच्या मधल्या बिंदूपर्यंत माप घेतलं होतं आणि पोराला एकच वाक्य सांगितलं होतं, “चक्का बदला, हिसाब नहीं बदला.”

हा हिशोब मी त्यांच्याकडून समजून घेतला आणि घरी येऊन कागदावर मांडला. आजच्या २६ इंची गिअरवाल्या सायकलीच्या रिमवर टायर जिथं बसतं, तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २० इंची रिमचा तो ४०६ मिलिमीटर. फरक १५३ मिलिमीटरचा. चाकाचा आस मधोमध असल्यामुळे फ्रेम त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर, तीन इंच खाली येते. टायरही बारीक असेल तर आणखी थोडी. अशा सायकलीत पॅडलचा मधला आस जमिनीपासून साधारण बारा इंच उंच असतो, तो नऊ इंचांवर येतो. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर, म्हणजे पावणेसात इंच. नऊमधून पावणेसात गेले तर उरतात सव्वादोन इंच, आणि त्यातली अर्धा-पाऊण इंच जागा पॅडलच्या जाडीतच जाते. सरळ रस्त्यावर चालून जातं. वळणावर सायकल कलली की ते दीड इंच क्षणात संपतात.

पोराच्या फ्रेमला डिस्क ब्रेक होता म्हणून ब्रेक तरी लागले. डिस्कची चकती हबवर असते, रिम कुठंही असली तरी तिला फरक पडत नाही. पण रिमला धरणारा ब्रेक असेल तर त्याचे रबर फ्रेमवर ठरलेल्या उंचीवरच राहतात. चाक लहान केलं की रिम खाली जाते आणि रबर हवेत चावतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचे सळईचे ब्रेक तर त्याहून हट्टी, ते २८ इंची रिमशिवाय कशालाच जुळत नाहीत. शिवाय हँडलचा स्वभावही बदलतो. चाक लहान झालं की पुढचं चाक आपोआप सरळ राहण्याची ओढ कमी होते आणि हँडल हातात थरथरू लागतं. फक्त पुढचंच चाक लहान केलं तर फ्रेम पुढं झुकते आणि हा दोष आणखी वाढतो.

आमच्या वाशीमच्या लोकांना ही गोष्ट रेल्वेच्या उदाहरणानं लवकर कळेल. वाशीमवरून जाणारी पूर्णा-अकोला लाइन आधी मीटरगेज होती, २००८ मध्ये ती ब्रॉडगेज झाली. तेव्हा नुसते रूळ फाकवून भागलं नाही. पूल, फलाट, डबे, इंजिन सगळंच बदलावं लागलं. एक माप बदललं की त्याला टेकलेली सगळी मापं बदलतात. सायकलचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका वाक्याचा इतिहास आहे.

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असे, ५० ते ६० इंच व्यासाचं. ती काही हौस नव्हती. तेव्हा पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच लावलेलं असे. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. जास्त अंतर कापायचं तर चाक मोठं करण्याशिवाय उपाय नव्हता, आणि चाक किती मोठं करायचं ते चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीवर ठरे. ब्रेक जोरात लागला की माणूस हँडलवरून डोक्यावर पडे. या सायकली घडवणाऱ्यांत कॉव्हेंट्री शहरातल्या जेम्स स्टार्लीचं नाव मोठं आहे. तो मूळचा शिलाई मशीनचा मिस्त्री होता.

त्याच्या पुतण्यानं, जॉन केम्प स्टार्लीनं, १८८५ मध्ये ‘रोव्हर’ सायकल आणली. पॅडल मधे, तिथून साखळी मागच्या चाकाला. पुढं मोठी दातेरी चकती, मागं लहान. आता पॅडलच्या एका फेऱ्यात चाक दोन-अडीच फेरे घेऊ लागलं, म्हणून चाक लहान करता आलं आणि माणूस जमिनीच्या जवळ आला. आपल्या देशी सायकलीवर हा हिशोब करून पाहा. पुढं ४४ दाते, मागं १८ आणि चाक २८ इंची असेल तर ४४ भागिले १८ गुणिले २८, उत्तर सुमारे ६८. म्हणजे ही सायकल ६८ इंची उंच चाकाएवढं अंतर एका फेऱ्यात कापते. त्याच दात्यांवर २० इंची चाक लावा, उत्तर ४९ वर येतं. पाय भराभर फिरतात, सायकल पुढं सरकत नाही. चाक लहान केलं की दातेही बदलावे लागतात, ते यासाठी.

रोव्हरनं पडण्याची भीती कमी केली, पण एक नवा त्रास आणला. तेव्हाचं टायर भरीव रबराचं होतं. मोठं चाक खड्ड्यावरून तरंगत जाई, लहान चाक खड्ड्यात उतरे आणि हाडं खिळखिळी करी. या दुखण्यावरचा इलाज एका जनावरांच्या डॉक्टरानं काढला. जॉन बॉइड डनलॉप हा स्कॉटलंडचा माणूस बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर होता. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला दणके बसतात म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर चढवली. १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हवेच्या टायरमुळेच लहान चाकाची सायकल जगभर चालली. आणि हवा आली म्हणून पंक्चरही आलं.

सुरुवातीला टायर रिमला चिकटवलेलं असे. एक पंक्चर काढायला तासन् तास लागत. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलाँ बंधूंनी रिमवरून काढता-घालता येणारं टायर केलं. त्याच वर्षीची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांबलचक शर्यत ते टायर लावलेल्या शार्ल तेराँनं जिंकली. टायर उचकटायचं, ट्यूब काढायची, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे पाहायचे, घासून सोल्युशन लावायचं, तुकडा चिकटवायचा, हे काम जगात तेव्हापासून रुळलं. आपण ज्याला हसतो त्या कामाशिवाय डनलॉपचा शोध पहिल्याच काट्यावर संपला असता.

पुढची सत्तर वर्षं चाक २६ ते २८ इंचांवर स्थिर राहिलं. ते पुन्हा लहान केलं अॅलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरनं. सुएझच्या संकटात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा त्याचं लक्ष सायकलकडे वळलं. मिनी मोटारीची रबराची सस्पेन्शन त्याचीच. १९६२ मध्ये त्यानं १६ इंची चाकांची सायकल बाजारात आणली. पण नुसती चाकं लहान केली नाहीत. चाक लहान म्हणून हादरे जास्त, म्हणून पुढं-मागं सस्पेन्शन. हवा जास्त दाबाची, म्हणजे टायर घसटून चालणार नाही. फ्रेम वेगळी, दाते वेगळे. त्याची सायकल शर्यतींतही चालली. रॅले कंपनीनं आधी ही कल्पना नाकारली होती. नंतर खप पाहून तिनं १९६५ मध्ये स्वतःची १६ इंची सायकल काढली. तीत सस्पेन्शनऐवजी जाड, मऊ, कमी हवेचं टायर होतं. ती चालवायला जड पडे. चाक तेच, हिशोब अर्धा. शेवटी १९६७ मध्ये रॅलेनं मोल्टनचाच धंदा विकत घेतला.

उड्या मारायच्या सायकली मात्र पोरांनीच जन्माला घातल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची मुलं १९७० च्या आसपास मोटारसायकलींच्या धुळीतल्या शर्यती पाहून आपल्या २० इंची सायकली तशाच मैदानात पळवू लागली. त्यातून बीएमएक्स आली. स्पेनमध्ये मोटारसायकलवर दगड-धोंडे चढण्याचा खेळ खेळणाऱ्या पेरे पी यानं आपल्या मुलासाठी, ओट पी याच्यासाठी, तशीच छोटी सायकल केली. तो मुलगा पुढं या खेळाचा जगज्जेता झाला. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या खेळाचे २० इंची आणि २६ इंची असे दोन गट असतात. २० इंची ट्रायल सायकल नीट पाहिली तर आमच्या विद्यार्थ्याच्या पडण्याचं उत्तर तिथंच दिसतं. तिच्या फ्रेममध्ये पॅडलचा आस चाकांच्या आसांपेक्षा वर घेतलेला असतो. साध्या सायकलीत तो खाली असतो. मागची रिम तर १९ इंचीच असते, पण तिच्यावर जाड टायर चढवून उंची भरून काढतात. चाकं लहान करायची म्हणून आधी फ्रेम उचलली गेली. आमच्या पोरानं व्हिडिओत चाक पाहिलं, फ्रेम पाहिली नाही.

म्हणून कुणाला प्रयोग करायचाच असेल तर मिस्त्रींचा सल्ला असा: २६ च्या फ्रेमला एकदम २० नको, २४ लावा. त्याची रिम ५०७ मिलिमीटरची, फ्रेम एकच इंच खाली येते. टायर थोडं जाड घ्या, तो इंचही बराचसा भरून निघतो. ब्रेक डिस्कचाच हवा. आणि टायर घेताना नुसतं ‘२४’ वाचू नका. ५०७ च्या रिमचं टायरही चोवीसचं आणि ५४० च्या रिमचं टायरही चोवीसचंच. एक दुसऱ्यावर कधीच बसत नाही. तेच २६ चं. गिअरवाल्या सायकलीचं ५५९, जुन्या लेडीज सायकलीचं ५९०. इंचाचा आकडा पूर्वी फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा होता. टायर जाड-बारीक होत गेले तसतसा त्या आकड्याचा रिमशी संबंध तुटत गेला. खरा आकडा टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो. काळ्या सायकलीला आपण २२ इंची, २४ इंची म्हणतो ते तर चाकाचं मापच नव्हे, फ्रेमच्या उंचीचं आहे. हे सगळं मिस्त्रींना तोंडपाठ आहे. ते सातवी शिकलेले आहेत.

या देशातल्या सायकलीतही आपल्या कारागिरांचा हात आहे, पण तो फलकावर दिसत नाही. मद्रासजवळ १९४९ मध्ये टी.आय., सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियान्यात १९५६ मध्ये हीरो, असे कारखाने उभे राहिले. हीरो काढणारे मुंजाल बंधू आज पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावचे. सायकलीचे सुटे भाग विकता विकता ते कारखानदार झाले. ‘हीरो’ हे नाव कुठून आलं, याची हकिगत त्या कुटुंबाच्या इतिहासातच सांगितली जाते. करीम दीन नावाचे एक मुसलमान कारागीर सायकलीच्या गाद्या बनवत, त्यांचा छाप ‘हीरो’ होता. फाळणीत ते पाकिस्तानात निघाले तेव्हा मुंजालांनी हे नाव वापरू का असं विचारलं, आणि त्यांनी ते देऊन टाकलं. ज्या सायकलीवर देशाची दोन पिढ्यांची शाळा झाली, तिचं नाव एका गादीवाल्यानं जाताना मागं ठेवलेलं आहे.

मी स्वतः ज्या सायकलीवर शिकलो, तीही अशाच एका मिस्त्रीची. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. जिल्हा १९९८ मध्ये झाला. मोठ्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून कैची मारणाऱ्या पोरांसाठी त्यांनी एक जुनी फ्रेम कापून, वेल्डिंग करून तिला लहान चाकं बसवली होती. ती ते तासावर भाड्यानं देत. आता विचार करतो तेव्हा कळतं, त्यांनी फ्रेम आधी कापली होती, चाक मग बसवलं होतं. आज आमच्या भागात सोयाबीनमधलं तण काढायला शेतकरी सायकल डवरा वापरतो, त्यातलं पुढचं चाक असंच कुठल्या तरी सायकलीचं असतं. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत यायला सायकली मिळतात. बाभळीचा काटा लागला की त्या मुलींची शाळा कुणाच्या घमेल्यापाशी अडते किंवा सुटते, हे कुठल्या अहवालात येत नाही.

अमेरिकेत डेटन गावी दोन भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, १८९२ पासून. पंखांवर वाऱ्याचा दाब किती पडतो ते मोजायला १९०१ मध्ये त्यांनी एका सायकलीच्या हँडलपुढं तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर पट्ट्या लावल्या आणि सायकल दामटली. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान उडालं. त्याचे पंखे साखळीनं फिरत होते. राइट बंधूंना ‘पंक्चरवाले’ म्हणून कुणी हिणवत नाही. काम तेच आहे, फरक नावात आणि जातीधर्मात आहे.

आपल्याकडे तर याला दीनचा आधार आहे. अल्लाहच्या रसूलनं आपल्या चपला स्वतः दुरुस्त केल्या, हे आपण मुलांना सांगतो. दाऊद अलैहिस्सलाम हातच्या कमाईचं खात, हेही सांगतो. सूरह सबामध्ये त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि चिलखताच्या कड्या जोडताना मापाचं भान ठेवायला सांगितलं आहे. एका पैगंबराला दिलेल्या आज्ञेत कड्यांचं माप येतं. मिस्त्रींचा स्टीलचा टेप मला तेव्हापासून वेगळा दिसतो.

पण इथंच थांबलो तर मी खोटं बोलेन. मिस्त्रींना मी विचारलं, पोरगा हे काम शिकला तर? ते म्हणाले, “सर, हुनर सीखे, मगर मजबूरी न सीखे.” या धंद्यात उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर बसावं लागतं, पाठ जाते, आणि ट्यूबलेस टायर आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं आहे. काम लाजेचं नाही. पोराला दुसरं काम मिळण्याचा रस्ताच नसणं, ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज त्या पोराची नाही. आपण दोन्ही गोष्टी एकदम बोलायला शिकलं पाहिजे. नाही तर एका बाजूला टोमणा राहतो आणि दुसऱ्या बाजूला टोमण्याला घाबरून बापाचं काम लपवणारा निबंध.

मागच्या महिन्यात मी त्या मुलाला वर्गात उभं केलं आणि फळ्यावर ५५९ आणि ४०६ हे दोन आकडे लिहिले. फ्रेम किती खाली येईल, ते त्यानं सोडवून दाखवलं. मग टायरच्या कडेवरचा खरा आकडा कसा वाचायचा, ते सांगितलं. मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं, “तुला कसं माहीत?”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “अब्बांनी शिकवलं.”